शिक्षेचा झिरो कट

मंडळी, आज सलून लवकर बंद केलं. का, ते सांगतो.

दुपारी पोलिसांनी आमच्या सारसोळ्यातल्या तीन पोरांची धिंड काढली. मागच्या महिन्यात याच टोळीने कोयते नाचवत गल्लीतल्या दुकानांच्या काचा फोडल्या होत्या, माझ्या पण. फिरवून झाल्यावर साहेब तिघांना थेट माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "यांची स्टाईल उतरवा. कळू दे सगळ्यांना, भाईगिरीचं काय होतं ते."

त्यांचे लांब, रंगवलेले केस मी झिरो मशीनने उडवले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बाहेर सगळे मोबाईलवर शूट करत होते.

संध्याकाळी शेजारचा प्रथमेश आला. अकरावीला आहे. खुर्चीत बसून त्याने मोबाईल पुढे केला. त्यात दुपारचाच व्हिडिओ, मागे ढॅणढॅण म्युझिक टाकलेलं.

"काका, सेम असाच मारा. भाईंच्या ग्रुपमधले सगळे मारतायत."

"अरे, ती शिक्षा होती."

"माहितीये ना. म्हणूनच तर."

मी नाही म्हटलं असतं तर तो पुढच्या सलूनमध्ये गेला असता. मारला.

साहेबांना सांगून तरी काय होणार? उद्या ते त्यालाच धरून माझ्याकडे आणतील. तेव्हा काय कापू, तुम्हीच सांगा.

या पोराचं जावळ मीच काढलं होतं. मामाच्या मांडीवर बसून केवढा रडला होता. आज आरशात बघून हसत होता.