आक्कांना शांत म्हणू नका

नळाला हंडा लावला होता, तेवढ्यात मागच्या बोळातली यल्लव्वा आली आणि म्हणाली, "आक्का गेल्या. पहाटं." हंडा भरून वाहू लागला तरी मी तशीच उभी. रडू आलं नाही, राग आला. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्याकडे गेले होते. अंग तापानं फणफणत होतं. डॉक्टरांना बोलावते म्हटलं तर माझ्यावरच खेकसल्या, आणि मी मुकाट घरी परत आले... त्या मुकाट परत येण्याचा मला अजून राग येतो. तीन आठवडे झाले, तो उतरायचं नाव घेत नाही. उलट वाढतोच आहे, कारण जो तो मला सांगत सुटला आहे की आक्का किती शांत होत्या.

शांत! आक्का मूळच्या बार्शीकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घरी रहाटावर सुताच्या कांड्या भरून मागवाल्या विणकरांना द्यायच्या आणि आपलं पोट आपण भरायच्या. आवाज असा की तीन घरं पलीकडे ऐकू यावा. गुंतलेलं सूत आणून टाकणाऱ्याची बोळातच खरडपट्टी निघे. मी शाळामास्तरांची बायको, घरात सासरे म्हणतील ती पूर्व दिशा. आम्हां दोघींची ओळख एरवी नळापुरतीच राहिली असती. ती वाढली शांततेच्या वर्गात. या गोष्टीला आता पाच-सहा वर्षं झाली.

परदेशी कापडाच्या दुकानांपुढं धरणं धरून उभं राहायला बायकांची तुकडी जायची होती. त्याआधी तयारी म्हणून मुलींच्या शाळेत आठ दिवस वर्ग भरला. शिकवायला बाहेरगावचे एक गुरुजी आले होते, सज्जन माणूस. सासऱ्यांनी मला जाऊ दिलं, कारण वर्गाचं नावच शांततेचं होतं. एकीनं मधोमध बसून टकळीवर सूत काढायचं. बाकीच्यांनी तिला टाकून बोलायचं, पदर ओढायचा, अंगावर पाणी उडवायचं. तिनं मान वर करायची नाही. आम्ही बाराजणी होतो. पहिल्याच दिवशी अकराजणी पास. माझा तर धागासुद्धा तुटला नाही. नापास झाल्या त्या एकट्या आक्का. त्यांच्या विधवापणावरून कुणी काही बोललं मात्र, टकळी भिंतीवर जाऊन आपटली. गुरुजी मात्र आमच्यावर खूश होते. पुरुषांच्या वर्गात पहिल्या दिवशी हाणामारी झाली होती म्हणे. बायकांच्या अंगातच शांतता असते, ते म्हणाले, आणि आम्ही लाजून हसलो. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आक्का कोपऱ्यातून उठल्या. "गुर्जी, ह्यांला तुमी काय शिकिवताय? ह्या माहेरातनंच शिकून आल्यात. जिला उलटून बोलाया येतंय आन तरी गप ऱ्हाती, तिला शांत म्हना की. ह्यांला न्हाय म्हनायाच येत न्हाय."

मग त्यांनी आम्हां एकेकीला उभं करून मोठ्यानं 'नाही' म्हणायला लावलं. नुसता तेवढा एक शब्द. कुणी फिदीफिदी हसली, एकीनं पदरात तोंड लपवलं. माझं तर तोंडच उघडेना. आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "हिला दुकानावर न्हेऊ नका. हिला मारलं तरी ही गपच ऱ्हाईल, आन तुमी तिला शूर म्हनाल."

गुरुजींनी माझं नाव खोडलं. इतकी वर्षं मी जे गुपचूप गिळत आले होते, ते ह्या बाईनं चारचौघींत उघड्यावर मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तडक त्यांच्या घरी गेले. त्या रहाटावर कांडी भरत बसल्या होत्या. माझं नाव काढणाऱ्या तुम्ही कोण, म्हणून मी ओरडले. इतक्या जोरात की शेजारून यल्लव्वा डोकावली. आक्कांनी कांडी पुरी भरली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आता चल दुकानावर."

दुकानापुढं आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक पायऱ्या उतरताना त्यांच्या तोंडावर पानाची पिंक टाकून गेलं. मी हातभर अंतरावर होते, म्हणून मला दिसलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, मूठ वळली, ओठ असा चावला की रक्त आलं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. परतताना मात्र घर येईपर्यंत त्यांनी त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या. दाराशी आल्यावर थांबल्या. "लई जड जातं गं," एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी दुकानापुढं हजर!

गेल्या रविवारी शोकसभा झाली. तेच गुरुजी आले होते, आता थकलेत. आक्का म्हणजे मूर्तिमंत शांती, ते म्हणाले, त्यांचा आवाज कधी चढला नाही. भिंतीवर आपटलेली टकळी ते पार विसरले होते, पण मनापासून बोलत होते, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं. त्या बाईनं रोज स्वतःशी झुंज देऊन जे कमावलं, ते ह्यांनी जन्मजात ठरवून टाकलं! सगळे माना डोलवत होते, पहिल्या रांगेतले माझे सासरेसुद्धा. अध्यक्ष म्हणाले, आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या.

"नाही," मी म्हणाले.

सासऱ्यांनी मागं वळून पाहिलं आणि नुसत्या डोळ्यांनी मला दटावलं. त्या नजरेपुढं मी इतकी वर्षं मान खाली घालत आले आहे. त्या दिवशी नाही घातली. आक्का कशा होत्या ते मी पहिल्यापासून सांगितलं, त्यांच्या शिव्यांसकट. आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. मग, सगळं बोलून झाल्यावर, मी आक्कांसाठी दोन मिनिटं गप्प उभी राहिले.