बाल्कनीची खोली मी घेतली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पोरापाशी नाही, आणि माहेरी आईपाशी तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ऐकून घ्याल आणि आपल्या वाटेनं जाल. पण एक आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाही, आणि शेवटी माफीबिफी मागणार नाही. त्यासाठी बसला असाल तर खुशाल उठा.

गोष्ट दोन खोल्यांची आहे. नाही — चार. थांबा, नीट सांगते.

आमचं घर नांदे गावात. शेती होती, ती बरीचशी इमारतींखाली गेली. उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या आणि हिंजवडीत कामाला जाणाऱ्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या. खिडकी असली की भाडं चढं मिळतं, हे शास्त्र माझ्या सासूबाईंचं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. घर बांधतानाच त्यांनी वाटणी करून टाकली. हवेच्या खोल्या भाडेकरूंना, पुढची खिडकीची एक स्वतःला, आणि मधली — चारी बाजूंनी भिंती, वर स्लॅब — ती मला आणि माझ्या नवऱ्याला. मी कुरकुरले तेव्हा म्हणाल्या, "झोपायला कशाला लागतीया खिडकी? डोळं मिटल्यावर समदं सारखंच."

त्या मधल्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. बाळंतपणाचं कोंडून राहणं तिथं, आजारपण तिथं, माझ्या पोराची, ओंकारची पाटी-पेन्सिलपासूनची सगळी शाळा तिथं, दिवसा ट्यूब लावून. उजाडलंय की नाही हे मला आत्याबाईंच्या हाकेवरून कळायचं. "उजाडलं गं, ऊठ." त्या म्हणतील तेव्हा सकाळ. पुढं मोबाईल आला, वेळ कळायला लागली — पण वेळ कळणं आणि उजाडलेलं दिसणं एक असतं का? भाडेकरू सणाला गावी गेले की झाडायच्या निमित्तानं मी त्यांच्या खिडकीत उभी राहायचे. स्वतःच्या घरात, चोरासारखी.

हे मी कारण म्हणून सांगत नाही हं. पुढचं कळावं म्हणून सांगते.

आत्याबाईंची एकच हौस होती. समुद्र बघायचा. आमच्याकडं पाणी काय कमी आहे? मुळशीचं धरण उशाला. पण त्या म्हणायच्या, "त्याला पल्याडचा काठ हाय. मला बिनकाठाचं पाणी बघायचंय, एकदा, डोळं हायेत तवर." गुडघे गेलेले, वाळूत चालवणार कसं? मग ओंकारनं — तो बंगळुरात नोकरीला आहे — मुंबईहून निघणाऱ्या बोटीचं बुकिंग केलं. जायचं गोव्यापर्यंत आणि परत यायचं. बाल्कनीची खोली आजीला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, गोदामावशींना. आतली, बिनखिडकीची, मला आणि ह्यांना. फोनवर तो आजीला म्हणाला, "पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसेल तुला." त्या दिवशी त्यांनी चार घरी जाऊन सांगितलं.

आणि मी? मला पुन्हा मधलीच खोली. समुद्रावरसुद्धा. पोराला काही वाटलं नाही त्यात. त्यानं जन्मापासून मला तिथंच पाहिलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी अंग काढून घेतलं. पाण्यावर पोट ढवळतं म्हणे. राहिलो आम्ही तिघी. बंदरावर दोघी म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं आणि कागद घेऊन मी काउंटरवर गेले. तिथं गोड चेहऱ्याची एक मुलगी होती. मी घरून काही ठरवून आले नव्हते. खरंच नव्हते — की होते? रात्रभर एसटीत बसल्यासारखं डोकं हलत होतं, एवढं आठवतं. मी तिला म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना उघड्या पाण्याची भीती वाटते, चक्कर येते, तर बाल्कनीची खोली माझ्या नावावर करा आणि आतली त्यांना द्या. तिनं करून दिलं. वर म्हणाली, आप कितना खयाल रखती हैं.

एवढंच. एवढं सोपं होतं ते.

आत्याबाईंना मी सांगितलं की बोटवाल्यांचा घोळ झाला, आता सगळ्या खोल्या अशाच. आणि पुढचं वाक्य मीच बोलले, माझ्याच तोंडानं — "ओंकारला कळू देऊ नका, एवढ्या हौसेनं केलंय, जिवाला लावून घेईल." ह्यांना मी घरी आल्यावर तेच सांगितलं, त्याच अटीवर. बघा, खोटं बोलायचं तर असं बोलावं, ऐकणाऱ्यानं पुढं स्वतःच झाकून ठेवावं.

आता बाल्कनीची खोली कशी असते ते सांगू? सांगतेच. इतकी वर्षं पोटात ठेवलंय, कुणाला सांगायची सोय नव्हती. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, बोट कशी होती गं, तर म्हणावं लागायचं, बंद खोली, काय सांगू.

काचेचं सरकतं दार असतं, जड. दोन्ही हातांनी ओढावं लागतं. उघडलं की वारा शिट्टी घालत आत शिरतो आणि खोलीतला एसी आपसूक बंद होतो. बाहेर जागा एवढीशी — दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल. आमच्या न्हाणीएवढी असेल. कठड्याला हात लावला की खारट चिकटा लागतो. टॉवेल वाळत घातला तर साफसफाईचा माणूस येऊन मुकाट्यानं आत ठेवतो, बाहेर काही वाळत घालायचं नाही असा नियम. शेजारच्या बाल्कनीच्या मधे नुसता पातळ आडोसा, पलीकडचा माणूस खोकला तरी ऐकू येतं. अंधार पडला की काहीच दिसत नाही, फक्त खाली पाणी फाटल्याचा आवाज. कुणी तुम्हाला चित्रं दाखवून भुलवत असेल तर हे सगळं लक्षात ठेवा.

आणि तरी — काय सांगू तुम्हाला. गोव्याकडं जाताना माझी बाजू पश्चिमेची होती. सूर्य माझ्यासमोर बुडाला. येताना बोट वळली, मग तोच सूर्य माझ्यासमोर उगवला. मला कुणी हाक मारली नाही. मी पाहिलं की उजाडलंय, आणि उठले. खोलीत किटली होती, मी माझा चहा केला, एकटीचा, आणि बाहेर बसून प्याले. जाताना तर खरंच काठ नव्हता कुठं. पाणी जिथं संपायला पाहिजे तिथं आभाळच लागत होतं. मी काही विचार केला नाही, देवाचं नाव घेतलं नाही, आत्याबाईंची आठवण काढली नाही. नुसती बसले. जन्मात एवढी सुखात मी कधी नव्हते, आणि हे म्हणताना माझी जीभ अडखळत नाही.

त्या दोघी तिकडं, मधल्या बोळात, चार भिंतीत. मी जेवणाची ताटं तिथंच नेऊन द्यायचे. गोदामावशींना ऐकू कमी येतं, त्या कुठंही सुखी. आत्याबाई मात्र पलंगाच्या कडेला बसलेल्या असायच्या, पदर सावरून, पाहुण्याच्या घरी बसावं तशा. दार उघडलं की पहिला प्रश्न — "उजाडलं का गं?" आणि मी सांगेन ते खरं. मी म्हणेन तेव्हा सकाळ. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी वाईट वाटलं असेल. नाही वाटलं. मला बरं वाटलं.

आणखी एक आहे. हे खोली बदलण्यापेक्षा वाईट आहे, म्हणून मागं ठेवलं होतं. त्या एकदा म्हणाल्या, "वर नेतीस का गं मला? एकडाव बघू दे." बोटीवर चाकाची खुर्ची मिळत होती. मागितली असती तर माणूसही आला असता ढकलायला. मी मागितली नाही. वारा फार आहे म्हणाले, तुमचे गुडघे धरतील. खरं कारण सांगू? वर डेकवर कठड्याशी उभं राहिलं की खाली बोटीच्या अंगाला ओळीनं बाल्कन्या दिसतात. त्या भोळ्या असतील, आंधळ्या नाहीत. म्हणून त्यांनी समुद्र पाहिला तो उतरताना बंदरात, क्रेनी आणि जहाजांमधून. म्हणाल्या, "ह्ये तर आपल्या धरणावानीच हाय की." आणि टॅक्सीत बसल्या.

त्याच टॅक्सीत ओंकारचा फोन आला. मी कान देऊन बसले होते. आत्याबाई त्याला म्हणाल्या, "लई ग्वाड दिसला रे समुद्र. पलंगावनं. काठच न्हाई त्याला, व्हय." आणि माझ्याकडं बघून हसल्या — आपण दोघींनी मिळून पोराचं मन राखलं, अशा. मी पण हसले.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण आल्यावर काही दिवसांनी त्या माझ्या खोलीत आल्या. मधल्या खोलीत त्या सहसा येत नसत. दारात उभ्या राहून भिंतींकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "बिनखिडकीच्या खोलीत जीव गुदमरतुया. मला ठाव नव्हतं. तीन राती तू बी तशाच खोलीत काढल्यास, शब्द काढला न्हाईस. हितं तर समदा जलम काढलास." मग ह्यांना हाक मारून सांगितलं, माझी गादी हिकडं टाक, हिचं सामान पुढं ने. हे म्हणाले, एखादी भाड्याची खोली रिकामी करू. तर म्हणाल्या, "आलेली लक्ष्मी कशाला घालवायची? मी हाय की. मला आता काय बघायचं राहिलंय?"

बघायचं राहिलंय ते काय, हे मला माहीत होतं. त्या घरात एकटीलाच माहीत होतं. एक शब्द बोलले असते — आत्याबाई, मी अंधारात नव्हते — तर गादी तिथल्या तिथं राहिली असती. माझ्या हातात तेव्हा उशी होती. मी ती उशी उचलली आणि पुढच्या खोलीत नेऊन ठेवली.

गावभर त्या माझं कौतुक करतात. सून असावी तर अशी. मी ऐकून घेते, नाही म्हणत नाही. आता त्या अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं हगणंमुतणं मी करते, वेळेवर खाऊ घालते, पाठीला जखम होऊ दिली नाही. हे फेडणं आहे असं समजू नका, ते मी तसंही केलं असतं. आणि पुन्हा तो काउंटर समोर आला, पुन्हा ती मुलगी विचारायला लागली, तर मी काय करेन? तेच. तेच करेन. चाकाची खुर्ची मात्र — ते जाऊ दे. ती मी मागितली नाही, ती नाहीच मागितली.

सकाळी मी माझ्या खिडकीत चहा घेऊन बसते. समोर रस्ता, कंपन्यांच्या गाड्या, पलीकडं नवे टॉवर. मधल्या खोलीतून हाक येते, "उजाडलं का गं?" तेव्हा माझा चहा अर्धा झालेला असतो. तो मी संपवते. मग सांगते.