कोरडा देव

निजामाच्या अमदानीत वडवणीच्या अलीकडं एका गावात त्रिंबक नावाचा वारीक होता. गावाची हजामत त्याच्याकडं, अन् गावाच्या भानगडीही. हात मात्र म्हातारपणानं थरथरू लागला होता. राधाकिशन पाटलांच्या गालाला हटकून वस्तरा लागायचा. पण त्रिंबक डबीतली तपकिरी भुकटी दाबायचा की रक्त गप्प. भुकटी कशाची, हे गावाला कोडं. कुणी म्हणे मसणातली राख, कुणी म्हणे बायको केशरबाईची करपलेली भाकरी. खरं तर तो भुईफोड होता. पावसाळ्यात गायरानात उगवणारा अळंबीचा पांढराशुभ्र गोळा. कोवळा असला तर झकास कालवण होतं. पिकून वाळला की आत नुसती भुकटी.

यंदा डबी रिकामी. "आता रगत निघालं तर वडवणीचा वारीक आनीन," पाटलांनी दम दिलेला. गायरानात भुईफोड उगवला तोही एकच, माणसाच्या डोक्याएवढा. अन् असला गोळा लाथाडल्याशिवाय पोरांना राहवत नाही. पिकेपर्यंत राखायचा कसा? त्रिंबकानं पहाटेच जाऊन त्याला शेंदराचं बोट लावलं.

उजाडेपर्यंत देव झाला. पोरं लांबूनच पाया पडू लागली. पण बायका कळशा घेऊन निघाल्या! पाणी पडलं तर देव कुजायचा. त्रिंबक आडवा धावला.

"पानी न्हाई, पानी न्हाई! सपनात आलता. कोरडा देव हाय, भिजला की लई कोपतो."

"आन पाऊस आला म्हंजी?" कडूबाईनं कंबरेवर हात ठेवून विचारलं.

त्रिंबकानं आभाळाकडं बघितलं. "छप्पर घाला म्हनलाय."

छप्पर पडलं. घरी केशरबाई म्हणाली, "म्या कालवनाला मसाला वाटून बसले, आन तुमी देऊळ बांधलं व्हय!"

दिवस गेले तसा देव तपकिरी पडला. पाटील दर्शनाला आले, भक्तीनं कपाळ टेकवलं, तर फुस्स! मिशा, पटका, सगळं तपकिरी.

"अंगारा दिला हो देवानं!" त्रिंबक ओरडला.

मग काय, झुंबड. ज्यानं त्यानं पदरात, धोतराच्या सोग्यात अंगारा बांधला. त्रिंबकाला उरलं ते नुसतं छप्पर.

पुढच्या हजामतीला वस्तरा लागलाच. त्रिंबकाचा हात सवयीनं रिकाम्या डबीकडं गेला. पाटलांनी कमरेची पुरचुंडी सोडली.

"थांब बे. देवाचा अंगारा लाव."

त्यानं दाबला. रक्त थांबलं. पाटील आरशात गाल फिरवून फिरवून बघू लागले.

"बघितलंस? तुज्या राखंपेक्षा जालीम हाय. उंद्या आष्टीचे पावने येनार हायत, त्यांच्या म्होरंच माजी हजामत कर. आन जरासं काप, पन बेतानं."