हरलेल्या चकतीचा माणूस

फलटणला एका शेती अधिकाऱ्याच्या सेवानिवृत्तीचा सत्कार होता आणि मी नेहमीप्रमाणे माईकवर होतो. माझं कामच ते. लग्न, बारसं, गणपती, एकसष्टी... कुणी माईक हातात दिला की मला पुढचं दिसत नाही, फक्त समोरच्या खुर्च्या दिसतात. शाल-श्रीफळ चालू असताना खिशातला फोन तीनदा थरथरला, म्हणून स्टेजच्या मागे जाऊन घेतला. सुकुमारच्या बायकोचा, त्रिशला वहिनींचा भाऊ बोलत होता. ‘‘सुकुमारदाजी गेले. सकाळी छातीत दुखलं, रिक्षा येईपर्यंत संपलं.’’ मी ‘‘बरं’’ म्हणालो. खरंच, ‘‘बरं’’ एवढंच म्हणालो. मग परत स्टेजवर गेलो आणि कार्यक्रम संपेपर्यंत लोकांना तीनदा खळखळून हसवलं. याचा मला अभिमान नाही, पण आधीच सांगून टाकतो, कारण या लेखात मला बरंच काही सांगून टाकायचं आहे.

सुकुमार मगदूम. सांगलीत विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ. पंचवीस वर्षं आम्ही दोघांनी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली लग्नं वाटून खाल्ली. चित्र त्याचं, आवाज माझा. मी साताऱ्याहून एसटीनं यायचो, तो मोटरसायकलवर कॅमेऱ्याची पेटी बांधून हजर असायचा. जैन घरातला. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. संध्याकाळच्या स्वागत समारंभांना तो पाच वाजताच आचाऱ्याच्या मंडपामागं बसून स्वतःच्या डब्यातली भाकरी खायचा आणि मग रात्री दहापर्यंत कोरड्या तोंडानं शूटिंग करायचा. मी मठ्ठ्याचे ग्लासांवर ग्लास रिचवत त्याच्यासमोरून मुद्दाम फिरायचो. तो हूं की चूं करायचा नाही. माझ्या विनोदांवर अख्खा मांडव लोळायचा, हा मात्र ढिम्म. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाला, ‘‘हसलो की फ्रेम हलती रं गड्या. घरी जाऊन हसतो की मी.’’

आता त्या सभेकडे येतो. तेव्हा भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही नुकतेच घराघरांत शिरू लागले होते. साध्या डीव्हीडीचं चित्र त्यावर फिकट दिसायचं. म्हणून जगात दोन नव्या चकत्या निघाल्या होत्या. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीच्या मशीनवर दुसरी चालायची नाही. एक ब्लू-रे, दुसरी एचडी डीव्हीडी. एकीच्या मागं काही टीव्हीवाले आणि सिनेमावाले, दुसरीच्या मागं उरलेले. दोन्हीकडचे लोक जगभर फिरून, आमच्या बाजूनं या, म्हणून मनधरणी करत होते. जपान-अमेरिकेतलं हे भांडण सांगलीत पोचायला वेळ लागला, पण पोचलं ते जोरात. दोन्ही जिल्ह्यांच्या व्हिडिओवाल्यांच्या संघटनेनं विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये खास सभा बोलावली. विषय होता, ‘आपण सर्वांनी कोणत्या चकतीला पाठिंबा द्यावा?’ जणू आमचा ठराव हाती पडेपर्यंत तिकडं जपानात मंडळी जेवायची थांबली होती!

अध्यक्ष म्हणाले, ‘‘दोन्ही बाजू ऐकू. एकानं हिची बाजू घ्यावी, एकानं तिची. नुसतं मशीनचं बोलला तर लोक झोपत्यात, तवा बोलणारी माणसं बोलवा.’’ ब्लू-रेच्या बाजूनं एक इंग्रजीचे प्राध्यापक होते, एचडी डीव्हीडीच्या बाजूनं मी. का? चिठ्ठीत माझ्या वाट्याला ती आली म्हणून. चिठ्ठी उलटी निघाली असती तर मी तितक्याच तळमळीनं उलटं बोललो असतो. कुणीतरी इंटरनेटवरून काढून दिलेले चार कागद मी कराडपासून एसटीत वाचले, त्यातले दोन इस्लामपूरच्या स्टँडवर भज्यांखाली गेले. उरलेल्या दोन कागदांवर मी पंचवीस मिनिटं बोललो. काय बोललो म्हणून सांगू... म्हणालो, मंडळी, आपल्या पोरीला दोन स्थळं आली आहेत. एक मोठ्या घरचं, नाव परकं, खर्चिक, पायरीवर पाय पुसून आत घेणारं. दुसरं आपल्या ओळखीतलं. डीव्हीडी तर आपल्या घरातलीच, हा तिचाच थोरला भाऊ, नावातच नातं आहे. तुम्ही पोर कुठं द्याल? हॉल उठून उभा राहिला. प्राध्यापक स्वतः टाळ्या वाजवत होते. ठराव एकमतानं मंजूर झाला. सगळ्यांनी हात वर केले, चहा घेतला आणि घरी जाऊन नेहमीच्या साध्या डीव्हीडीवर लग्नं उतरवायला लागले. एकमतानं मंजूर झालेला ठराव पाळायचा नसतो, हे आमच्याकडे ज्याला त्याला ठाऊक असतं. फक्त सुकुमारला ठाऊक नव्हतं. तो संघटनेचा चिटणीस होता. ठराव त्याच्या अक्षरात होता.

सभा संपल्यावर खाली चहाच्या गाड्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. सूर्य मावळायला थोडाच वेळ होता, म्हणून तो घाईघाईनं पाणी पीत होता. ‘‘शिऱ्या, स्टेजवरचं ऱ्हाऊ दे. खरं सांग. माझा मेव्हणा जपानात हाय, तो मशीन आणून देतोय. घेऊ का?’’ टाळ्या अजून माझ्या कानांत होत्या. मला भज्यांखालचे दोन कागद आठवले, खरं काय ते जवळजवळ ओठांवर आलं... आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, ‘‘डोळे झाकून घे!’’

त्यानं घेतलं. चकतीवर लिहायचं मशीन आणि ती दाखवायचं मशीन, दोन्ही. त्या एका हंगामात तीसेक लग्नं त्यानं नव्या चकतीवर उतरवली. घरच्यांना तासाभराची निवडक दृश्यं साध्या डीव्हीडीवर द्यायचा आणि पूर्ण लग्न नव्या चकतीवर. म्हणायचा, ‘‘ह्ये तुमच्या नातवंडांसाठी. मशीन वर्षभरात स्वस्त हुतंय.’’ आमच्या धंद्यात एक रीत होती. शूटिंगची कॅसेट महाग, म्हणून लग्न एकदा चकतीवर गेलं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. एका कॅसेटवर चार-पाच लग्नं एकावर एक चढायची, खालचं पुसलं जायचं. सगळेच करायचे. सुकुमारनंही केलं. म्हणजे त्या तीस घरांचं लग्न आता फक्त त्या चकतीवर होतं.

वर्ष उलटलं नाही तोवर पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली. एक मोठी सिनेमा कंपनी पलीकडे गेली, मग मागोमाग सगळेच गेले, आणि एचडी डीव्हीडी बंद झाली. मी ती बातमी साताऱ्यात न्हाव्याकडे वाचली. तोंडाला साबण होता म्हणून बरं.

पुढच्या सभेत मी सुकुमारकडे बघायचं टाळत होतो. कुणीतरी मागून ओरडलं, ‘‘ओ चिटणीस, वाचा की मागला ठराव!’’ सगळे हसले. सुकुमार उठला आणि त्यानं तो खरोखर वाचला, शेवटच्या सहीपर्यंत. मग म्हणाला, ‘‘शिऱ्या बरोबरच बोलला हुता. जग चुकलं, त्याला आपण काय करणार?’’ यावर तर लोक आणखी हसले. मीही हसलो. आणि त्यानंतर ते वाक्य त्यानं माझ्यासाठी ढालीसारखं वापरलं. लग्नात कुणी मला टोमणा मारला की हा कॅमेऱ्यामागून बोलायचा, ‘‘त्याच्याएवढं त्या मशीनमधलं आपल्यात कुणाला कळत न्हाई.’’ किती वेळा संधी होती! म्हैसाळच्या पुलावर मोटरसायकल पंक्चर झाली तेव्हा आम्ही दोन तास नुसते बसलो होतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मंडप रिकामा झाल्यावर तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. मी दरवेळी एखादा किस्सा काढला. किस्से मला कधी कमी पडले नाहीत.

लिहायचं मशीन लवकरच मोडलं. दाखवायचं मशीन उरलं. ते त्यानं स्टुडिओतल्या आतल्या खोलीत टीव्हीखाली ठेवलं आणि पुढची सगळी वर्षं एकच उद्योग मागं लावून घेतला. ती तीस घरं शोधायची. चकती घेऊन बोलवायचं, मशीनवर लावायची, टीव्हीसमोर तिकाटण्यावर कॅमेरा मांडून पडद्यावरचं लग्न पुन्हा शूट करायचं आणि कुठंही चालेल अशी प्रत त्यांच्या हातात द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण लोक कुठं जागेवर राहतात? कुणी पुण्याला गेलेलं, कुणी फौजेतल्या नवऱ्यामागं पठाणकोटला, दोघांचे घटस्फोट झालेले. एका घरात तर सासूनं चकती शेतात पाखरं उडवायला दोरीनं टांगली होती. हा तिच्यावरचे ओरखडे कापसानं पुसत बसला होता, अर्धं लग्न तरी निघालं. मी म्हणायचो, ‘‘सोड की आता सुक्या, लोकांना पडलेली नाही.’’ तो म्हणायचा, ‘‘त्यांची कॅसेट मी पुसली. मलाच पडली पाहिजे.’’ मी म्हणालो नाही की कॅसेट त्यानं पुसली, पण पुसायला मी लावली.

जायच्या दोन दिवस आधी तो कोरेगावला जाऊन आला होता. हे मला नंतर कळलं. दिवस-कार्य उरकून महिना होत आला आणि वहिनींचा फोन आला. ‘‘भावजी, रविवारी या. कोरेगावची एक बाई चकती घिऊन यायलीया. ह्यांनी तिला बोलावलं हुतं. मशीन लावायला तुमीच पाहिजे.’’

गेलो. बाई चाळिशीतली, एकटीच आली होती. चकती कापडी पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स छातीशी. म्हणाली, ‘‘माझं लगीन झालं त्याच वर्षी आमचे दादा गेले. वडील वो माझे. त्यांचा फोटो हाय, पण आवाज कुठंच न्हाई. लग्नात माईकवर बोलल्याले. लय लाजरा माणूस, जन्मात तेवढंच एकदा.’’ वहिनींनी माझ्यासमोर चकती धरली. आतल्या खोलीत टीव्हीखाली ते काळं मशीन होतं, त्यावर धुतलेला रुमाल पसरलेला. मी रुमाल काढला. खाली वाकलो. आणि मला कळेना की ते चालू कुठं करायचं असतं. ज्या मशीनवर मी पंचवीस मिनिटं बोललो होतो, त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावत होतो.

‘‘वहिनी,’’ मी वाकलेलाच होतो, ‘‘मला यातलं काही येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. चिठ्ठी निघाली म्हणून बोललो. त्यानं खाली मला खरं विचारलं होतं, मी खोटं सांगितलं.’’

ती बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मग वहिनी म्हणाल्या, ‘‘आणि हे आता मला सांगताय?’’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ‘‘सरका तिकडं.’’ त्यांनी बटण दाबलं, चकती घातली. ‘‘वेळ घेतंय त्ये. ह्ये लावायचे तवा मी रोजच्याला बघत हुते की.’’

पडदा काळाच. मग मांडव उगवला. अक्षता, आहेर, फेटे... आणि माईकवर मी! डोक्यावर केस असलेला, लाल जाकीट घातलेला मी. वधूपित्याला पुढे बोलावत होतो. फेटा बांधलेला एक कृश माणूस माईकशी आला. ‘‘माझी सुली...’’ तो म्हणाला. थांबला. घसा खाकरला. ‘‘माझी सुली हाय ना...’’ आणि पडद्यावरच्या मी त्याच्या हातातून माईक काढून घेतला. ‘‘मंडळी, वडलांचा कंठ दाटला, आता आचाऱ्यांचाही दाटायच्या आत पंगतीला बसू या!’’ मांडव हसला. काय हसला!

सुलीबाई पडद्याला चिकटून बसली होती. मला वाटलं, आता ती मागं वळेल. ती वळली नाही, कारण पडद्यावर आता मी नव्हतोच. आवाज माझा चालू होता, एकामागून एक विनोद, लोकांचा हशा... पण सुकुमारनं कॅमेरा माझ्याकडे फिरवला नव्हता. तो त्या माणसावरच होता. काढून घेतलेल्या माईकच्या जागी त्याचा हात अजून तसाच धरलेला होता, आणि ओठ हलत होते. जे बोलायचं होतं ते तो शांतपणे पूर्ण बोलत होता, कुणालाही ऐकू न येता. चित्र जराही हललं नाही. बोलून झालं, त्यानं मान डोलावली, फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं, आणि मगच कॅमेरा हळूच खाली आला.

‘‘पुन्हा लावा वो,’’ सुलीबाई म्हणाली. ‘‘आवाज बारीक करा ह्यांचा. दादा काय म्हणत्यात त्ये मला ओठांवरनं कळतंया.’’

वहिनींनी माझा आवाज बंद केला.