शोभा आणि तिची गृहीतकं

स्पर्धा परीक्षेच्या क्लासात तीन वर्षं काढली की नोकरी लागो न लागो, किस्से मात्र ढीगभर जमतात. आमच्या परभणीच्या क्लासातले निम्मे किस्से शोभाचे आहेत. ते सांगायचे म्हणजे तिचं कौतुक करावं लागतं, म्हणून आधीच कबूल करते, मी तिच्यावर जळते.

०००

सरांची एक पद्धत होती. फळ्यावर विधान लिहायचं आणि त्यात न सांगता धरलेली गोष्ट, म्हणजे गृहीतक, शोधायला लावायचं. जो आधी सांगेल त्याला पंख्याखालची खुर्ची. परभणीच्या उन्हाळ्यात त्या खुर्चीसाठी सख्खे भाऊ भांडतील.

सरांनी लिहिलं, "पोखर्णीला जत्रा आहे, म्हणून एसटीला गर्दी असेल." मी देव, नवस, प्रसाद यांतच अडकले. शोभा म्हणाली, "लोक जत्रेला एसटीनं जातेत." झालं. ती वाऱ्यात आणि मी घामात.

०००

मेसच्या मावशी म्हणाल्या, "तुमी उशिरा आलाव, म्हणजे भाजी संपली."

शोभा म्हणाली, "मावशी, आधीच्यांना ती आवडली, हे तुमी धरून चाललाव."

झाकण काढलं तर अर्धं पातेलं शिल्लक!

०००

वालूरहून तिला बघायला पाहुणे आले. मुलाचे काका म्हणाले, "पोरगी लय शिकलेली हाय, म्हणजे घरात टिकायची न्हाई."

चहाचा ट्रे हातात धरूनच ती म्हणाली, "काका, घर टिकण्यासारखं हाय, हे धरलंय तुमी."

स्थळ मोडलं. सरांनी हा किस्सा सगळ्या बॅचना सांगितला. माझी चार स्थळं मोडली, पण एकही असं झोकात मोडलं नाही, याचाही मला हेवा वाटला.

०००

मग सरांना संध्याकाळच्या बॅचसाठी शिकवणारं कुणीतरी हवं होतं. नावं दोनच, तिचं आणि माझं. मला ती बॅच हवीच होती. "अजून किती दिवस अभ्यास?" म्हणणाऱ्या घरच्यांना सांगायला काहीतरी झालं असतं.

मी सरांना एकटं गाठलं. "सर, शोभाचं आज ना उद्या लग्न होईल. बॅच दुसरीला दिलेली बरी."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर विधान होतं, "एकीचं लग्न होईल, म्हणून बॅच दुसरीला द्यावी."

मागच्या बाकावरचा गोविंद म्हणाला, "लग्न झाल्यावर बाई शिकवत न्हाई, हे धरलंय."

"अजून एक राहिलं," सर म्हणाले.

शोभानं फळा वाचला, मग माझ्याकडं बघितलं. "दुसरीचं लग्न होणारच न्हाई, हे धरलंय सर."

सर माझ्याकडं वळले. "बरोबर हाय का?"

"बरोबर," मी म्हणाले.

सरांनी खडू तिच्या हातात दिला.