गिळलेला घोट

जॅमच्या कारखान्यात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. ती 'जीभ'. कढई उतरली की तिच्या टेबलावर चमचा यायचा. ती डोळे मिटून जॅम टाळूवर फिरवायची, शेजारच्या वाडग्यात थुंकायची आणि एवढंच म्हणायची, "चाललं," किंवा "लिंबू कमी." गिळायचं नाही. पोट भरलं की जीभ आळशी होते, असं तिला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मग तिला तहान लागायला लागली. ब्लाउज सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. रक्तात साखर निघाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य दिलं; साखर काही खाली येईना.

"येईल कशी? दिवसभर चमचे चाटायचे आणि घरी पथ्याचं नाटक," नणंद म्हणाली. नणंद त्याच कारखान्यात बरण्या धुवायची. तिच्या मनात रात्री आलेली शंका दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत सगळ्यांची खात्री होऊन जाई. नवरा अशा वेळी पेपरात तोंड खुपसून बसे.

शेवटी साहेबांनी तिला लेबलं चिकटवायला बसवलं. "तुम्हाला साखर आणि तुम्हीच जॅम चाखणार? बरं दिसत नाही."

"मी गिळत नाही, साहेब."

"सगळे तसंच म्हणतात."

"सगळे कोण? चाखणारी मी एकटीच आहे."

तिच्या खुर्चीत दुसरीच बाई बसली. लेबलं चिकटवता चिकटवता तिचा संताप पिकत गेला. सुट्टी टाकून ती मोठ्या दवाखान्यात मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिची हाडकुळी मनगटं पाहिली. "या गोळ्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना कामाला जुंपतात. पण जुंपायला तिथे कुणी उरलंय का, ते आधी बघू." शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सी-पेप्टाइड नावाचा एक तुकडा रक्तात सुटतो, तो मोजला की पेशी किती शिल्लक आहेत याचा अंदाज येतो. त्यासाठी उपाशीपोटी यायचं, एक ठरलेलं गोड पेय प्यायचं आणि मग रक्त द्यायचं.

नणंद पहाऱ्यालाच सोबत आली. पेला पाहून तिचे डोळे विस्फारले. "अहो नर्सबाई, हिला काय देताय? हिला तर निमित्तच हवं असतं!"

"टेस्ट आहे, मावशी. पूर्ण प्यायचंय."

तिने नणंदेच्या डोळ्यांत डोळे घालून पेला उचलला. आज हिच्यासमोर शेवटच्या थेंबापर्यंत पिणार, असं घोकतच आली होती ती. मोठा घोट घेतला. डोळे आपोआप मिटले. दाट, दुधाळ, व्हॅनिला जरा जास्त. घोट टाळूवर एकदा फिरला आणि ती वळून शेजारच्या बेसिनमध्ये थुंकली.

"अहो, हे काय? गिळा!" नर्स ओरडली. "आता नवीन पेला आणावा लागणार. मोजून द्यायचं असतं ते!"

ती ओशाळून तोंड पुसत उभी राहिली. नणंद एकदा बेसिनकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. "अगं, गिळायचं होतं ना?"

"होतं ना, ताई. जमलं नाही."

दुसरा पेला तिने नाक दाबून, औषध घ्यावं तसा संपवला. रक्त काढताना नणंद तिची पिशवी आपल्या मांडीवर घेऊन बसली.

रिपोर्ट घ्यायलाही दोघीच गेल्या. सी-पेप्टाइड जवळजवळ नव्हतंच. दुसऱ्या तपासणीत स्वतःच्याच पेशींवर उठलेल्या अँटीबॉडी सापडल्या होत्या. "तुमच्याच शरीराने त्या पेशी मारल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जॅमचा यात काही हात नाही."

"परत येतील?"

"नाही. आजपासून इन्सुलिन टोचायचं. गोळ्या बंद."

एवढे दिवस तिला फक्त खरं ठरायचं होतं. खरं ठरताना हातून काय गेलं, ते जिना उतरताना जाणवलं. ती कठड्याला धरून क्षणभर थांबली. मागून नणंद म्हणाली, "रडायचं असेल तर रड."

"रडायला वेळ नाही. साहेब जेवायला जायच्या आत पोचायचंय."

कारखान्यात ती सरळ आपल्या टेबलाशी गेली. नवी बाई गोंधळून उठली. साहेब केबिनमधून धावत आले. "अहो, तुम्हाला कुणी सांगितलं इथे बसायला?"

"डॉक्टर म्हणाल्या, चाखल्याने झालेलं नाही. गिळत नाही म्हणून चाखायलाही हरकत नाही. आणि दुपारी इथेच, सगळ्यांसमोर सुई टोचणार. मोरीत लपून नाही."

"गिळत नाही, हे तुम्ही म्हणता..."

"मी पण म्हणते," नणंद बरण्यांच्या हौदाकडून, अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी तिकडे होते, साहेब. गिळ म्हणून सांगितलं तरी हिला गिळता येत नाही! आजवर उलटं सांगत फिरले, तीही मीच."

साहेब काही बोलणार, तोच कढई उतरली आणि सवयीने कुणीतरी चमचा तिच्यापुढे धरला. तिने डोळे मिटले, फिरवलं, थुंकलं.

"करपलंय," ती म्हणाली. "कढईचा तळ धरतोय, म्हणजे कालचंही करपलेलं असणार. गेलेला माल परत मागवा."