मावशींची शिंक

चाकणच्या बाजारातून कांदा आणून आमच्या आकुर्डीतल्या सोसायटीच्या गेटपाशी विकणाऱ्या मावशींना शिंक आली की धंदा थांबतो. एक हात वर करून त्या गिऱ्हाइकाला गप्प करतात, दुसरा ओटीपोटावर दाबतात आणि मगच शिंकतात. मागल्या वर्षी अंग बाहेर येत होतं म्हणून ऑपरेशन करून त्यांच्या आत जाळी बसवली, तेव्हापासूनची ही सवय.

माझंही तेच ऑपरेशन ठरलं, तेव्हा भाव विचारल्यासारखं मी हळूच विचारलं, "मावशी, ती परकी वस्तू आपलं शरीर ठेवून घेतं का हो?"

"नवी सून हाय ती," कुजका कांदा बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "आधी अंग सुजतं, दुखतं, भांडतंच म्हना की. मंग जाळीच्या भोकाभोकातनं मांस भरतं, आसं डाक्टरीनबाई म्हनल्या. मंग अंग आन् जाळी येगळी करता येत न्हाई."

"सगळ्यांचंच असं होतं?"

"न्हाई ताई. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवरची होती, तिची जाळी पुढं पुन्हा उघडून काढावी लागली. दुखलं, रगत दिसलं, तर लाजून घरी बसू नका."

तेवढ्यात तागडी धरून बसलेली त्यांची खरी सून म्हणाली, "आत्याबाई, मंग माझ्यासंगं अजून का भांडता?"

मावशी खदखदून हसल्या आणि हसता हसताच शिंकल्या. पोट धरायची त्यांना आठवणच राहिली नाही. दोन्ही हात सुनेच्या खांद्यावर होते.